एका कान्याची दुरुस्ती

सगळं ऑफिस तिला वहिनी म्हणतं. कारण तिचा सख्खा दीर त्याच ऑफिसात सर्व्हर सांभाळतो आणि चारचौघांतही तिला वहिनीच म्हणतो. मॅडम वगैरे त्याच्या तोंडात बसत नाही. हळूहळू साहेबसुद्धा म्हणायला लागले, "वहिनी, जरा या इकडे."

ऑफिस कसलं, तर ॲम्ब्युलन्स बोलवायच्या वेबसाइटचं. मोबाइलवर बटण दाबलं की जवळची गाडी निघते. गर्दी झाली की सर्व्हर दमतो. मग त्याला पळता कसा ठेवायचा, कुठला आकडा किती वाढवायचा, हे लिहिलेली पानं आहेत. ती पानं वहिनीच्या ताब्यात. पानांपेक्षाही जास्त, पानांमधले दुवे, म्हणजे लिंका. ‘मेमरीसाठी तिकडे बघा’ असं लिहिलंय ना, मग दाबल्यावर बरोबर तिकडेच, त्याच जागी जायला पाहिजे. हसण्यासारखंच काम वाटतं. ऑफिसात हसायचेही.

"वहिनी, दिवसभर दुवे देता, आम्हालाही एखादा द्या की. पगार तरी वाढेल."

"आधी स्वतःचा कप विसळ, मग देते."

पण तिने लावलेला दुवा दीर डोळे झाकून दाबायचा. सगळा घोळ तिथेच झाला.

त्या दिवशी सकाळी ती दातांच्या डॉक्टरकडे होती. इंजेक्शन दिलेलं, अर्धा गाल मेलेला, बाहेर बाकावर बसवलेली. समोर टीव्ही. टीव्हीवर धुकं, आणि धुक्यात हायवेवर एकमेकींवर चढलेल्या गाड्या.

तिच्या मनात पहिलं आलं, आता सगळे बटण दाबणार. मग आलं, भावजी पान उघडणार. आणि त्याच्यापुढचं आलं तेव्हा ती बाकावरून उठलीच.

काल संध्याकाळी तिने एका हेडिंगचं शुद्धलेखन सुधारलं होतं. ‘जुन्या मशीनची मर्यदा’ असं कोणीतरी लिहून ठेवलेलं, रोज डोळ्यात खुपायचं. तिने काना दिला. मर्यादा. झालं. पण दुवा त्या हेडिंगच्या अक्षरांवरूनच जागा शोधतो. काना वाढला की त्याला जागा सापडत नाही, आणि मेला ओरडतही नाही. गुपचूप पानाच्या वरच्या टोकाला नेऊन सोडतो. दुवे तपासणारा प्रोग्रामही ‘सगळं ठीक’ म्हणतो, कारण पान तर उघडतंय. म्हणून ती दर वेळी एकेक दुवा स्वतः दाबून बघायची. तिला निष्काळजी म्हणायची कोणाची टाप नाही. काल दाढेने जीव नकोसा केला होता, म्हणून म्हटलं, उद्या बघू.

आणि पानाच्या वरच्या टोकाला काय? नव्या दणकट मशीनची सेटिंग. एका वेळी किती जणांना आत घ्यायचं तो आकडा बिनधास्त आठपट करा. जुन्या मशीनवर तसं केलं की मेमरी तुंबते आणि सर्व्हर बसतो. ॲम्ब्युलन्सचं बटण जुन्याच मशीनवर होतं.

तिने फोन लावला. "भावजी, व्हलचं नका कलू!"

"वहिनी? अहो काय, सकाळी सकाळी लावून बसलात की काय?"

"व्हलचं नको! खाल... खालचं!"

"काही कळत नाही बघा. इथे लोड चढलाय, मी तुमच्याच पानावर आहे. काळजी करू नका. ठेवतो."

ठेवलाच त्याने. तिने मेसेज टाकला. त्याने वाचल्याची खूण काही येईना. आतून डॉक्टरीणबाई "चला" म्हणेपर्यंत ही रस्त्यावर. ऑफिस जवळच होतं, पळत सुटली. रस्त्यात ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. जो दिसेल तो गाडीसाठीच बटण दाबतोय असं तिला वाटत होतं.

दीर खुर्चीच्या कडेला, चेहरा पांढराफटक. "वहिनी, तुमच्या पानाप्रमाणेच केलं हो. बसला. उठतच नाही."

तिने त्याला बाजूला ढकललं, पान खाली सरकवलं आणि बोट ठेवलं. त्याने वाचलं, कपाळावर हात मारला, आकडा उतरवला आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. दोघं स्क्रीनकडे बघत राहिले. शेवटी सर्व्हर उठला.

साहेब धावत आले. "कोणाचं हे?"

"माझं," दीर म्हणाला. "घाईत चुकलो."

वहिनीने त्याचा दंड धरून मागे ओढला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"नंतर भांडा," साहेब म्हणाले. " मधल्या वेळात कोण राहिलंय ते बघा आधी."

ज्यांना गाडी मिळाली नव्हती त्यांचे नंबर स्क्रीनवर दिसत होते. बहुतेकांनी पुन्हा बटण दाबलं होतं, गाड्या निघाल्या होत्या. एका नंबरने पुन्हा दाबलंच नव्हतं.

वहिनीने तो लावला. वाजत राहिला.

"दुसरीकडून मिळाली असेल," दीर म्हणाला.

तिने परत लावला. उचलला.

"हॅलो! अहो, नुसतं गोल गोल फिरतंय तुमचं! किती वेळ? बाबा छाती धरून बसलेत!"

वहिनीने फोन दिराच्या हातात कोंबला. त्याने पत्ता घेतला, गाडी सोडली. तो फोन ठेवणार तोच तिने हिसकावून घेतला.

"थेऊ नका हं. मी आहे."

"तुम्ही रडताय का?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"नाही. दाढ. बाबा काय कलतात?"

"घामाने भिजलेत. बोलत नाहीयेत. बाबा, इकडे बघा ना... बाबा!" मग पावलं, दार, कोणाचा तरी भारी आवाज, आणि फोन तुटला.

स्क्रीनवर ‘गाडी पोहोचली’ एवढंच उमटलं. पुढचं काही तिथे उमटत नाही. दुपारी साहेबांनी बोलावलं, तिने सगळं सांगितलं, त्यांनी काय ठरवलं ते तिने नीट ऐकलंही नाही. संध्याकाळी दीर म्हणाला, "वहिनी, एकदा फोन करून विचारा की." नंबर समोरच होता. तिने फोन हातात घेतला, परत खाली ठेवला.

"तुम्ही विचारा, भावजी," ती म्हणाली. त्यालाही हात पुढे करवेना.