मोकळा रकाना

श्रीरामपुरात एसटी स्टँडजवळ माझं वेबसाइट करून द्यायचं छोटंसं दुकान आहे. तिथे गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या खुर्चीत तात्या कधी बसले नाहीत. नेवाशाहून बसने यायचे, माझ्या पाठीमागे उभे राहायचे आणि खिशातल्या किल्ल्या खुळखुळवत विचारायचे, "झालं का?" अहो, कॉम्प्युटर अजून सुरू व्हायचा असायचा! चहा दिला की तो घेऊन दारात, दारातून रस्त्यावर, रस्त्यावरून शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे. अर्धा राहिलेला कप कुठे सापडेल याचा नेम नसे.

"तात्या, जरा बूड टेका हो," मी वैतागून म्हणायचे.

"बूड टेकलं की खबर शिळी व्हती, पोरी," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी उभी हयात माइकवर पुकारा केला होता. "तांबडा गोऱ्हा, डावं शिंग मोडकं, ज्याचा असंल त्यानं लिंबाखाली यावं!" घसा बसला तसं ते काम सुटलं, पण लोकांना वेळेवर खबर पोचवायची खोड काही जाईना. म्हणून माझ्याकडून त्यांनी 'पाटाचं पाणी' नावाची वेबसाइट करून घेतली. कालव्याला आवर्तन सुटलं की कोणत्या गावाची पाळी कधी, एवढंच तिच्यात. तात्या मजकूर सांगायचे, मी टाईप करायचे, मग बाजूच्या यादीत त्या त्या गावापुढे टिक करायची. टिक केलेल्या गावच्या लोकांना मोबाईलवर निरोप जायचा. हळूहळू माणसं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची वाट बघायची सोडून तात्यांच्या निरोपावरच रानात पाण्याची दारं धरायला निघू लागली. तात्यांना याचा कोण अभिमान!

फक्त ती यादी त्यांना सोसवेना. सगळ्या गावांची, वाड्या-वस्त्यांची नावं एकाखाली एक. पडद्यावर ती वर सरकत असताना तात्यांचे पाय जागच्या जागी नाचायचे. "लग्नाला चार मान्सं बोलवायची तर आख्ख्या गावाची हजेरी कशापायी? चारी सांगितली की त्याच चारीची गावं म्होरं आली पायजेत."

म्हणणं रास्त होतं. मी प्रत्येक गावाला 'चारी', म्हणजे कालव्याचा कोणता फाटा, असा एक जादा रकाना जोडला. डावी चारी निवडली की रकान्यात 'डावी' असलेलीच गावं दिसणार, बाकीची लपणार. तात्यांनी एका दमात सगळ्या गावांच्या चाऱ्या तोंडपाठ सांगितल्या. एका नावाशी मात्र अडले.

"टेकाची वस्ती?" मी विचारलं.

"ती मोकळी ठिव."

दोन चाऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर ही वस्ती. डावीवाले म्हणत ती उजवीची, उजवीवाले म्हणत ती डावीची. दोघांचं उरलंसुरलं पाणी तिला मिळायचं. त्यात तात्यांची धाकटी बहीण कुसुम डाव्या चारीवरच दिलेली. तिच्या घरच्यांपुढे या वादात तोंड उघडायची तात्यांची छाती नव्हती. आमच्याकडे रीतच आहे ही. लग्नपत्रिकेत कोणत्या चुलत्याचं नाव आधी टाकायचं यावरून धुसफूस झाली, की दोघांचीही गाळून 'समस्त परिवार' छापायचं आणि मोकळं व्हायचं.

"तात्या, रकाना मोकळा ठेवला तर ती वस्ती कुठल्याच चारीत दिसणार नाही."

"नगं दिसू दे. माझ्या ध्यानात हाय ना!"

आणि खरंच होती. दर आवर्तनाला ते सगळी यादी उघडायला लावायचे आणि टेकाच्या वस्तीपुढे वेगळी टिक करून घ्यायचे. एकदा सोडून. त्या दिवशी डाव्या चारीचा निरोप लिहून झाला, गावांपुढे टिक झाली, आणि बाहेर नेवाशाची गाडी लागली. "सोड, सोड लवकर!" म्हणत तात्या पायरी उतरले. मी निरोप सोडला.

पुढच्या खेपेला ते दुकानात उभे असतानाच फोन वाजला. टेकाच्या वस्तीवरच्या हौसाबाई. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू येत होता. "तात्या, आमचं पानी कुठं हाय वो? बाकी समद्यांचं व्हत आलं, चारी आज सांजच्याला बंद व्हनार म्हनत्यात. गहू निसावलाय माझा. आत्ता पानी न्हाई दिलं तर दाना भरायचा न्हाई!"

तात्यांच्या खिशातल्या किल्ल्या थांबल्या. "पोरी, गाडी काढ," एवढंच म्हणाले. नेवाशापर्यंत माझ्या स्कूटीवर मागे बसून ते एकसारखं पुटपुटत होते, "माझ्या भरवशावर ऱ्हायली गं ती मान्सं, माझ्या भरवशावर."

चारीवर पोचलो तर पाटकरी, हौसाबाई आणि डावीवाले यांची जुंपलेलीच होती. पाणी नेमकं तात्यांच्या मेहुण्यांच्या रानात चाललेलं. ते खोरं टेकून उभे. शेजारी कुसुमताई, कमरेला पदर खोचलेला.

"तुमी उजवीचे, तिकडं मागा," मेहुणे हौसाबाईंना सांगत होते.

"उजवी कवाच बंद झाली!" त्या बिचाऱ्या रडकुंडीला आलेल्या.

पाटकरी शहाणा. तो तात्यांकडे वळला. "तात्या, तुमी समदी चारी पायाखाली घातल्याली. तुमीच सांगा, वस्ती कुनाची?"

तात्या चारीच्या कडेने दहा पावलं गेले, परत आले, पुन्हा गेले. मला वाटलं, आता हे काहीतरी गोलमाल बोलून वेळ मारून नेणार. मेहुणे हळूच म्हणाले, "पाव्हणं, इचार करून बोला."

"लई इचार केला, दाजी. त्यापायीच हे झालं." आणि मग त्या बसलेल्या घशातून बाजारातला तो आवाज निघाला. "टेकाची वस्ती डावीची! चारीच्या शेपटाला, पार टोकाला, तिचं दार हाय. गवतानं बुजलंय, पन हाय. चला, दावतो!"

दार होतं. गवत उपटल्यावर त्याची दगडी चौकट दिसली. पाटकऱ्याने मेहुण्यांच्या रानाचं पाणी तोडलं आणि शेपटाकडे सोडलं. मेहुण्यांचा निम्मा ऊस कोरडा राहिला. हौसाबाईंच्या गव्हात पाणी शिरलं तेव्हा तात्या अनवाणी वाफ्यात उभे होते. कुसुमताई त्यांच्या अंगावरून गेली, बोलली नाही.

दुसऱ्याच दिवशी ते दुकानात हजर. "भर आता. डावी. आनि ऐक, इथून म्होरं ज्याचा रकाना मोकळा, त्ये यादीत सगळ्यात वर दाव. लाल करून दाव." मी तसं केलं.

पुढे दिवाळी आली. भाऊबीजेला आम्हा ख्रिस्ती माणसांना काही नसतं, म्हणून मी दुकान उघडलं होतं. तात्या आले. नवी टोपी, नवा सदरा. आवर्तन नव्हतं, कामही नव्हतं. आले आणि त्या खुर्चीत बसले. मी चहा दिला, तो बसूनच प्यायले, अख्खा. किल्ल्या वाजल्या नाहीत. मला ते बघवेना.

"तात्या, बहिणीकडे गेला नाहीत?"

"बोलावनं न्हाई आलं, पोरी." मग स्टँडकडे बघत म्हणाले, "यील. गाड्या हायेत अजून."

तिन्हीसांजेपर्यंत दर गाडीला उठून दारात जायचे, पुन्हा येऊन बसायचे. शेवटी नेवाशाच्या गाडीने परत गेले.

संक्रांतीच्या आधी ते वारले. झोपेतच. दहाव्याला प्रवरेच्या घाटावर कुसुमताई भेटली. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तो मी लपवला नाही. म्हटलं, "खरं बोलले म्हणून भाऊ तोडलात ना?"

"खरं व्हय?" ती नदीकडे बघत म्हणाली. "वस्तीचं ते दार माझ्या सासऱ्यानंच काढून दिलं हुतं. आमच्या घरात समद्यांना ठाव हुतं. पन आधी म्हनायचं कुनी?"

"मग भाऊबीजेला बोलावलं का नाहीत? दिवसभर वाट बघत बसले होते ते माझ्या दुकानात."

तिने चमकून माझ्याकडे पाहिलं. पदर तोंडाशी नेला, पण शब्द बाहेर आलेच.

"दादाला कवा बोलवाय लागलंय गं? आपला आपनच यायचा, सकाळच्या पयल्या गाडीनं. मी ताट करून दारात हुते, दिवा इझूस्तवर."