छातीवर हात ठेवणारी रेफरी

रेफरीने मैदानात कसं उभं राहावं हे बघायचं असेल, तर वर्तकनगरला आमच्या कॉलनीत या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वर्षाली भोईरला भेटा. बाळकुमच्या कोळ्यांची ही मुलगी शाळेत पीटी शिकवते आणि शाळांच्या बास्केटबॉल सामन्यांत शिट्टी वाजवते. फाउल झाला की मूठ सरळ आकाशाकडे. मग गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलासमोर येऊन खेळाडूचा नंबर बोटांवर, घाई न करता. कपाटाच्या आरशासमोर रोज तालीम करते. चाळीस वर्षं मी नाटकांतून कामं केली, पण इतका स्वच्छ हात फार थोड्यांचा पाहिला.

तिची एकच गोष्ट नियमांच्या पुस्तकात बसत नाही. आपला निर्णय चुकला हे लक्षात आलं, की ती त्या खेळाडूकडे बघते आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवते. चूक माझी. एवढंच. खेळ थांबत नाही, निर्णय फिरत नाही.

या सवयीपायी ती राज्याच्या रेफरी-परीक्षेत दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा निरीक्षक हरिहर सर. त्यांचं म्हणणं, रेफरीने चूक कबूल केली की मैदान हातातून गेलं. यंदा तिसरी संधी होती. ती हुकली की पाच वर्षं बसता येत नाही, आणि वर्षाली आता एकोणचाळीसची, म्हणजे तिच्यासाठी ही शेवटचीच.

खोटं कशाला बोलू, मला सरांचं पटत होतं. मी तिला म्हटलंही, "अगं, एका प्रयोगात माझी तलवार म्यानातून निघेचना. मी नुसत्या म्यानाने लढलो आणि जिंकलो. प्रेक्षकांना पत्ता नाही."

"तुमच्या म्यानामुळे कुणी मॅच हरलं नाही, काका."

"पण खेळाडू डोक्यावर बसतील ना."

"उलट. एकदा मान्य केलं की बाकीचे चाळीस निर्णय गप ऐकतात. करून बघितलंय मी."

परीक्षेचा सामना डोंबिवलीतल्या एका शाळेच्या मैदानावर होता. सतरा वर्षांखालच्या मुलींची फायनल, ठाण्याची शाळा विरुद्ध कल्याणची. हरिहर सर टेबलाशेजारी कागद घेऊन बसले होते, मी मागच्या बाकावर. चारपैकी तीन डाव वर्षालीचा हात शिट्टीपाशी आणि हवेत, दुसरीकडे कुठे गेला नाही. मी मनात म्हटलं, सुटली पोरगी.

शेवटचं अर्धं मिनिट. कल्याण एका गुणाने मागे. त्यांच्या पायलने बास्केटखाली चेंडू धरला, एकीला चकवलं, वळली, आणि शिट्टी वाजली. ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू हातात धरून जास्तीची पावलं. पायलने फेकलेला चेंडू जाळीतून खाली आला, पण शिट्टी आधीची, त्यामुळे गुण नाही. वर्षालीने मुठी फिरवून खूण केली, बोटाने दिशा दाखवली. चेंडू ठाण्याला.

मग ती थबकली. पायलचा टेकलेला पाय जागचा हललाच नव्हता. मला लांबून ते दिसलं नाही, तिला दिसलं.

तिने टेबलाकडे पाहिलं. सर तिच्याकडेच बघत होते. तिने पायलकडे तोंड केलं आणि हात छातीवर ठेवला. ठेवला, आणि मोजून दोन श्वास तिथेच राहू दिला.

"मग पॉइंट द्या ना मॅडम," मागून कुणीतरी ओरडलं. "हात काय ठेवता?"

पायलने मात्र होकारार्थी मान हलवली आणि बचावाला धावली. कल्याण एका गुणानेच हरलं.

पायलचे वडील प्रेक्षकांतून तरातरा खाली आले. "मॅडम, तुमच्यामुळे गेली मॅच."

"तो निर्णय चुकला माझा," वर्षाली म्हणाली.

ते भांडायलाच आले होते. पण "पोरगी वर्षभर पहाटे उठलीये हो," एवढं म्हणून ते परत गेले. वर्षालीचा चेहरा उतरला होता, पण मान खाली गेली नाही.

हरिहर सरांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नाही. आवाज खाली आणून म्हणाले, "बाकी सगळे मार्क उत्तम आहेत. गळ्यातल्या शिट्टीची दोरी सरळ करत होतात, असं लिहितो. चालेल ना?"

"दोरी सरळच होती, सर."

"वर्षाली, पाच वर्षं."

"माहितीये. कुठे सही करू?"

त्यांनी नापासाचा शेरा लिहिला. तिने तो पूर्ण वाचला आणि सही केली.

लगेच मुलांची फायनल होती आणि रेफरी तीच होती; शाळांच्या सामन्यांना राज्याची परीक्षा लागत नाही. मला वाटलं, सर आता तिला बदलतील. सरांनी तिला बदललं नाही, नुसता नवा कागद काढला. वर्षालीने दोन्ही कप्तानांना बोलावलं, तेही थेट सरांच्या खुर्चीसमोर, त्यांना शब्द न् शब्द ऐकू जाईल असं.

"तुम्ही चुकलात तर शिट्टी वाजवेन," ती म्हणाली. "मी चुकले तर सांगेन. मधे कुणी वाद घालायचा नाही. कळलं?"

"हो मॅडम."

तिने चेंडू उचलला, मैदानाच्या मधोमध गेली आणि तो उंच उडवला.