चिंचबाईंचं नाक

चिंचबाई प्रत्येक पुंगळी आधी हुंगायच्या. पुंगळी म्हणजे उडवून झालेल्या काडतुसाचं रिकामं पितळी नळकांडं. मरोळच्या आमच्या नेमबाजी क्लबात परवानाधारक सभासद त्या साफ करून पुन्हा भरायचे. पण बाईंनी हुंगून "हं" म्हटल्याशिवाय एकही भरायची नाही, हा अलिखित कायदा होता. मुलुंडच्या कॉलेजात जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेली ही बाई पुंगळ्यांचं सोवळं पाळते, असं आम्ही मागून हसत म्हणायचो.

पुंगळ्या साफ कशा करायच्या यावर रोज वाद. क्लबातल्या धनंजयचा जीव अक्रोडाच्या कवचांच्या भुशाने पुंगळ्या घासणाऱ्या फिरत्या ड्रमवर. बाई म्हणायच्या, "चमकतात छान, पण धूळ उडते आणि त्या धुळीत शिसं असतं. तुझ्या फुप्फुसाला पॉलिश नकोय, धनंजय." ध्वनिलहरींनी धुणारं मशीन त्यांना मान्य होतं, पण "दिसायला मेल्या मळकटच राहतात" ही तक्रार होतीच. त्या स्वतः चिंचेच्या कोळाच्या बाजूच्या, म्हणून तर चिंचबाई. थोडाच वेळ भिजवायचं आणि मग खळखळून धुवायचं. जास्त भिजून पितळ गुलाबी पडलं, की पुंगळी सरळ कचऱ्यात. "जस्त गेलं तिच्यातलं. आता ती कधी दगा देईल, सांगता येत नाही."

खरा राग मात्र देवाची भांडी उजळायच्या बाटलीवर. त्यातला अमोनिया पितळाला आतून चिरा पाडतो आणि वरून सगळं सोन्यासारखं दिसतं; गोळी झाडताना मात्र अशी पुंगळी तोंडासमोर फुटू शकते. हे हुंगणं त्याचसाठी होतं.

गेल्या वर्षी स्पर्धेआधीच्या सरावाला बाई तापातून उठून आल्या होत्या. धनंजयने आणलेल्या पुंगळ्या त्यांनी आल्या आल्या हुंगल्या, "हं" म्हटलं, आणि सगळ्या भरून झाल्या. बाई पिस्तूल घेऊन रेषेवर उभ्या राहिल्या. मी शेजारीच होते. त्यांच्या काडतुसांच्या उघड्या डबीतून माझ्या नाकात अमोनियाचा झणकन वास गेला.

"बाई, थांबा! बोट काढा!" मी किंचाळलेच.

त्यांनी बोट काढलं, पिस्तूल रिकामं केलं, खाली ठेवलं.

धनंजय पांढराफटक पडला. "यार, आईच्या बाटलीतलं थोडंसंच लावलं होतं. चकाचक दिसतात म्हणून. आणि बाईंनी हुंगलं ना!"

बाई त्याच्यावर ओरडल्या नाहीत, आणि मला त्याचीच भीती वाटली. त्यांनी डबी नाकाशी नेली. पुन्हा नेली. डोळे मिटून जोरात श्वास घेतला.

"मला काहीच वास येत नाहीये गं."

तापाने त्यांचं नाक नेलं होतं. डॉक्टर, औषधं, वाफारे सगळं झालं, वास परत आला नाही. नेमबाजी हे त्या बाईचं सुख होतं, आणि त्यांनी परवाना परत करायचा ठरवला तेव्हा मला रडू फुटलं.

"मी हुंगून देत जाईन ना, बाई!"

"आणि तू आली नाहीस त्या दिवशी? माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोरीचे डोळे जातील."

चिंचेची बरणी माझ्या टेबलावर ठेवून त्या रिक्षात बसल्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"बरणी उघडून बघ गं. चिंच चांगली आहे ना अजून? मला कळलंच नाही."

मी झाकण काढलं. "चांगली आहे, बाई."

"वास येतोय?"

"येतोय."

"कसा येतोय, सांग ना," त्या म्हणाल्या.