भिडस्त गोलकीपर

माझ्या धाकट्या साडूइतका भिडस्त माणूस उभ्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो याच्याच हाताखाली तयार झालेला असणार. आता भिडस्त माणसानं काय व्हावं? पोस्टात चिकटावं, देवळाच्या ट्रस्टवर जावं, फार तर माझ्यासारखं शाळेत गणित शिकवावं. हा झाला हॉकीचा गोलकीपर. समोरून येणाऱ्याला आत येऊ द्यायचं नाही, हाच जिथला धंदा, तिथं हा जाऊन उभा राहिला. आणि मैदानावर ते काम इतकं चोख करायचा, की एका मोठ्या शहराच्या संघानं त्याला लीगसाठी करारावर घेतलं आणि टीव्हीवर त्याचं नाव यायला लागलं. पण अंगावरचे ते गादीएवढे पॅड उतरले, की या माणसाची सगळी दारं सताड उघडी. कोणीही यावं, खांद्यावर हात टाकावा आणि याला घेऊन जावं.

तो हॉकीत आला तोसुद्धा भिडेखातर. मूळचा हट्टा गावचा, घरची शेती. लहानपणी सरकारी क्रीडा वसतिगृहाच्या निवडीला गेला होता कुस्तीसाठी. तिथं कुस्तीची रांग ही लांबलचक, आणि शेजारी हॉकीचे मास्तर एकटेच काठ्यांचा ढीग घेऊन बसलेले. त्यांनी हाक मारली, हा गेला. "एवढ्या मायेनं बोलावलं त्यांनी, न्हाई कसं म्हणायचं?" असं तो अजून सांगतो. आमच्या भागात हॉकी हा खेळ लोकांना ठाऊक आहे तो सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून. त्यामुळे याचे चाहते पुष्कळ, पण तो नेमकं काय खेळतो याची त्यातल्या निम्म्यांनाही कल्पना नसायची. एकदा वारंगा फाट्यावर आम्ही पुरीभाजी खात बसलो होतो. हॉटेलवाला गल्ला सोडून आला, याच्या पाया पडायचाच बाकी राहिला, आणि म्हणाला, "साहेब, तुमचा तो शेवटच्या बॉलवरचा सिक्स. काय हाणला हो." मी तोंड उघडणार तोच यानं टेबलाखालून माझा पाय दाबला आणि हात जोडून म्हणाला, "तुमी पाह्यला ना, बस झालं." बाहेर आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "साडूभाऊ, चार गिऱ्हाइकांसमोर त्याला खोटं पाडून मला काय भेटलं असतं?" शिवाय त्याला चहा अजिबात सोसत नाही, आणि त्या दुपारी त्यानं फाट्यावरच्या प्रत्येक टपरीवर चहा घेतला होता, कारण प्रत्येक टपरीवाल्यानं आग्रह केला होता.

फोटोचंही तेच. दुसरे खेळाडू गर्दी बघून गाडीची काच वर करतात. हा खाली उतरायचा. वर लोकांचा मोबाइल स्वतःच हातात घ्यायचा, कारण याचे हात लांब. एक फोटो काढून झाला की नीट बघायचा आणि म्हणायचा, "काका, तुमी डोळे मिटले, आणखी एक काढू." एसटीत एकदा मागच्या सीटवरच्या एका गृहस्थानं त्याला ओळखलं. तो गृहस्थ मात्र खरा जाणकार निघाला. त्यानं कळमनुरीपासून नांदेडपर्यंत याला सोडलेल्या गोलांबद्दल झाडलं, एकेक गोल काढून. हा सगळा वेळ मान मागे वळवून ऐकत होता आणि "व्हय, तो माझ्या पायाखालूनच गेला" असं कबूल करत होता. उतरताना त्या गृहस्थाची बॅगही यानंच खाली काढून दिली. कळमनुरीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईनं विनवलं, माझं पोरगं पोलीस भरतीची तयारी करून राहिलं, त्याच्याशी दोन शब्द बोला. हा बोलला, आणि बोलून थांबला नाही. पुढे लीगच्या धावपळीतही त्या पोराला फोन करून विचारायचा, आज किती पळालास, पोटरी दुखते का. ते पोरगं भरती झालं तेव्हा यानं आमच्या घरी पेढे आणले होते. आमच्या बायकोला वाटलं, याचंच काही झालं.

घरातही हा गडी गोलकीपरच. दारात उभं राहायची त्याची सवय काही केल्या जात नाही. दोन्ही पाय फाकून, किंचित वाकून, बरोबर मधोमध. सासूबाई परात घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "जावईबापू, जरा दार सोडा." तो ओशाळून बाजूला व्हायचा आणि पुढच्या घटकेला पुन्हा तिथंच. ओट्यावरून घरंगळलेला कांदा त्याच्या घरात आजवर जमिनीवर टेकलेला नाही, असं माझी मेहुणी, म्हणजे त्याची बायको, सांगते. ती हे सांगताना हसायची. हल्ली तिच्यासमोर मी हा विषय काढत नाही.

कारण मधे धोंड्याचा, म्हणजे अधिक महिना आला. लग्नानंतरचा त्याचा पहिलाच. आमची सासुरवाडी वारंगा फाट्यापासून आत, कळमनुरी तालुक्यातच. तिथं एक रीत आहे. नवा जावई पुरणाचे धोंडे खायला आला, की पंगतीच्या आधी ओसरीवर त्यानं गावच्या पैलवानाशी पंजा लढवायचा. पैलवान म्हणजे आमच्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, आम्ही जावई त्यांना मामा म्हणतो. वय झालंय, पण मनगट अजून लाकडासारखं आहे. या रीतीतली मेख अशी, की शेवटी मामांनी हरायचं. जावयाला आधी चांगला घाम फोडायचा, आता गेलाच असं वाटायला लावायचं, आणि मग हळूच आपला हात पाटावर टेकवून "हरलो बा" म्हणायचं. जावयाचा मान वाढतो, गाव टाळ्या पिटतं, पानं मांडली जातात. ही मेख नव्या जावयाला कोणी सांगत नाही. मी स्वतः कित्येक वर्षं आपण पैलवानाला पाडलं म्हणून शाळेत मिरवत होतो.

त्या वेळी त्याला भारताच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. मोजके दिवस उरले होते. आणि लीगच्या शेवटी त्याच्या उजव्या तळहाताच्या हाडाला भेग पडली होती, तिचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधून ठेव आणि जड काही उचलू नको म्हणून बजावलं होतं. आमच्यापैकी हे त्याच्या बायकोखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. गावात शिरताना यानं तो पट्टा काढून खिशात घातला. का, तर "लोकांना वाटंल, हात द्यायचा न्हाई म्हणून बांधून बसला." मेहुणी स्वयंपाकघरात पुरणात हात घालून बसली होती. ओसरीवर गाव गोळा झालं, मामा आले, पाट मांडला गेला, आणि यानं उजवा हात पुढे केला.

मी अगदी शेजारी बसलो होतो, आणि एवढा रंगलेला पंजा मी जन्मात पाहिला नाही. हात इकडे झुकायचा, तिकडे झुकायचा, पुन्हा मधे यायचा. दोघांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. माणसं ओट्यावर चढून बघत होती. खरं काय चाललं होतं ते मला नंतर त्याच्याकडूनच कळलं. याला मेख ठाऊक नव्हती. याच्या मनात आलं, एवढा मोठा पैलवान, साऱ्या गावापुढं आपण त्याला कसं पाडायचं? म्हणून हा हरायला बघत होता. आणि मामा रीतीप्रमाणे हरायला बघत होते. दोन भली माणसं एकमेकांत पंजे अडकवून आपापला हात मागे ओढत होती, आणि कोणीच ऐकेना. आजवर एकाही जावयानं मामांच्या हरण्याला विरोध केला नव्हता, त्यामुळे मामाही इरेला पेटले. शेवटी त्यांनी मनगटाला एक पीळ देऊन असा काही हिसका मारला, की याचा पंजा वर आणि मामांचा खाली. "हरलो बा," मामा म्हणाले. शिट्ट्या वाजल्या. हा हसला. मग सगळं गाव त्याच्याशी हात मिळवायला आलं, आणि यानं प्रत्येकाला तोच हात दिला. पंगतीत धोंडा मोडायला त्याला फार वेळ लागत होता. मामींनी तो हळूहळू चवीनं खातोय असं समजून आणखी एक वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला मोटारसायकलवरून फाट्यावर सोडायला निघालो, तेव्हा तो म्हणाला, "साडूभाऊ, बॅग तुमी घ्या." यानं दुसऱ्याला काम सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. हात बघितला तर तो सुजून टम्म झालेला. सगळं ऐकल्यावर मी रस्त्यातच गाडी उभी केली आणि ओरडलो, "अरे, मग सांगायला काय झालं होतं तुला? हात दुखून राहिला एवढंच म्हणायचं होतं." त्यानं सुजलेला हात छातीशी धरला. मग म्हणाला, "मामा नवं धोतर नेसून आले होते." फाट्यावर नांदेडची गाडी येईपर्यंत दोघा जणांनी फोटो मागितले. ते त्यानं डाव्या हातानं काढले.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, जुनी भेग पुन्हा उघडली आहे, आणि या वेळी जास्त. शिबिर काही त्याच्यासाठी थांबणार नव्हतं. यानं तिकडे कळवून टाकलं, जिन्यात पाय घसरून पडलो, आणि सासुरवाडीत हाताचं अक्षरही काढलं नाही. त्याच्या जागी दुसरा गोलकीपर गेला. हाड जुळलं, पण काठीभोवती मूठ पहिल्यासारखी आवळेना. पुढच्या हंगामात लीगनंही त्याला घेतलं नाही. आता तो नांदेडला खेळाडूंच्या कोट्यातून मिळालेली नोकरी करतो आणि खात्याच्या सामन्यांत कधीमधी उभा राहतो. नोकरी चांगली आहे, तो तक्रार करत नाही. मला मात्र अजून राग येतो, आणि कोणावर काढावा हे कळत नाही.

याला नोकरी लागली त्याच सुमारास गावानं संघाची यादी पेपरात वाचली, त्यात जावयाचं नाव नाही, आणि गावानं निकाल देऊन टाकला की वर राजकारण झालं. सगळ्यांत जास्त भडकले ते मामा. त्यांनी पंधरावीस माणसं जमवली आणि 'आमच्या जावयावर अन्याय' असं निवेदन घेऊन कळमनुरीच्या तहसीलवर गेले. आता हॉकीच्या संघाशी तहसीलचा काय संबंध, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. मामांनी जावयालाही फोन करून बोलावलं, आणि हा रजा टाकून गेला. मोर्चाच्या पुढे मान खाली घालून चालला. निवेदन घेणाऱ्या कारकुनानं शिक्का मारला आणि याच्याबरोबर फोटो काढून घेतला.

त्या दिवशी तो घरी आल्यावर, माझ्यादेखतच, माझ्या मेहुणीचा धीर सुटला. ती म्हणाली, "बस झालं आता. मी जाऊन सांगते पैलवानकाकाला, तुमच्याच हातानं झालं म्हणून. लोकं दुसऱ्यांना शिव्या देऊन राहिले, अन् तुमी ऐकून घेता. काहून?"

"न्हाई," तो म्हणाला. "सांगायचं न्हाई."

असा नकार त्याच्या तोंडून मी तेवढा एकदाच ऐकला. आवाज चढला नव्हता, पण मेहुणी जागच्या जागी थांबली. मग तोच समजावणीच्या सुरात म्हणाला, "आजवर आलेल्या प्रत्येक जावयाला त्यांनी हरून मान दिला. हे कळलं तर ते पुन्हा कुणाचा हात धरायचे न्हाईत." मेहुणी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिचं बरोबर होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण त्याचंही चूक होतं असं काही मला म्हणता येत नाही.

परवा सासुरवाडीला आम्ही सगळे जमलो होतो. भारताचा सामना होता, म्हणून यानं टीव्ही लावला. मामा आले, पडद्यावर हॉकी दिसताच भिंतीवरचं बटण बंद करून टाकलं. "ज्यांनी तुमाला घेतलं न्हाई त्यांचं काय बघायचं? गावात कुणीच बघत न्हाई." त्यानं उठून पुन्हा बटण लावलं आणि म्हणाला, "बसा मामा. तो गोलवरचा पोरगा माझा दोस्त हाय. लई गुणी हाय, बघा तर खरं." मामा कुरकुरत त्याच्याशेजारी सतरंजीवर टेकले. याच्या जागी गेलेला तो पोरगा खरोखरच सुरेख खेळत होता. एकदा तर आडवा झेपावून त्यानं काठीच्या टोकानं चेंडू बाहेर काढला, आणि इकडे आमचा साडू सतरंजीवर मागच्या मागे पडला, इतका त्याला आनंद झाला. मामांना खेळ कळत नव्हता, आनंदही झाला नव्हता. त्यांना एवढंच दिसत होतं, की आपला जावई इथं घरी बसलाय आणि टाळ्या दुसऱ्यालाच पडतायत. त्यांनी त्याचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, दोन्ही तळव्यांत धरला, आणि त्याच्या बोटांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "मला ठाऊक हाय ना या हातात काय जोर हाय ते. मी धरून पाह्यलाय. त्या लोकांनी एकदा जरी धरून पाह्यला असता, तर काढलं नसतं तुमाला."

"व्हय मामा," तो म्हणाला.

मेहुणी दारात उभी होती, ती वळून आत निघून गेली. सामना अजून पुष्कळ बाकी होता. मामांनी तो हात शेवटपर्यंत सोडला नाही, आणि यानंही काढून घेतला नाही.