नितीन बसला की घड्याळ मागं जायचं

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आले. चकवा, झपाटणं असलं काही मी मानत नाही... आजही नाही. तरी लिहितेय.

राहुरीच्या अलीकडे, कालव्याला लागून आमची वस्ती. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी घरून करते. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, ज्या टेस्ट्समधून स्वतःला तपासतो, त्या मी सांभाळते. त्यातली एक अगदी बाळबोध. घड्याळ दोनदा वाचायचं; दुसरी वेळ पहिलीच्या मागची असता कामा नये. असली तर असर्शन फेल — टेस्ट तिथंच थांबते, स्क्रीनवर लाल ओळ; पास झाली की हिरवी.

माझ्या टेबलावरच्या बोर्डवर, म्हणजे टेस्टसाठीच्या तळहाताएवढ्या उघड्या कॉम्प्युटरवर, ही टेस्ट फक्त दुपारी फेल व्हायला लागली. केबल बदलली, इन्व्हर्टर काढून पाहिला, कोड ओळ न् ओळ वाचला. मग लक्षात आलं — धाकटा भाऊ नितीन जेवून माझ्या खोलीतल्या कॉटवर टेकला की लाल. उठून बाहेर गेला की पास. त्याचा मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून पाहिला... तरी लाल.

पुण्याचा सहकारी फोनवर म्हणाला, "भाऊ उठला की पास? हे मी बग रिपोर्टमध्ये कसं लिहू?"

नितीनला मजा वाटायची. "ताई, माझी येळ मागं जाती. म्हंजे मी काय म्हातारा व्हायचो न्हाई बघ." आई दारात उभी राहून हसायची.

शेवटी घड्याळ वाचणाऱ्या कोडमध्ये एक चूक सापडली. दुरुस्त केली, नितीनला बसवलं. पास. पुन्हा चालवली — पास. आम्ही एकमेकांना टाळी दिली. तेवढ्यात मळ्यातली लाईट आली. "मोटार चालू करून येतो," म्हणत तो मळ्यात गेला.

स्टार्टरच्या पेटीत करंट उतरला होता. शेजाऱ्यांनी त्याला उचलून आणलं तेव्हा उजवा हात काळा पडला होता...

दहावा-तेरावा उरकून मी कामाला बसले. कंपनीतल्या साहेबांचा मेसेज होता — चूक खरी आहे, पण तिच्यामुळं घड्याळ मागं जाऊच शकत नाही. दुरुस्ती काढ आणि फेल दाखव. काढली. जुना कोड, तोच बोर्ड, तीच केबल. पास. दिवसभर पासच. 'पुन्हा घडत नाही' असा शेरा मारून त्यांनी बग बंद केला.

मला कारण आजतागायत सापडलेलं नाही. माणूस बसल्यानं घड्याळ मागं जात नाही, एवढं मला कळतं. आईला कोण सांगणार?

परवा दुपारी ती नितीनचा शर्ट घेऊन आली. कॉटवर नीट पसरला, बाह्या सरळ केल्या. "चालव की ते तुजं."

मी चालवलं. हिरवी ओळ आली.

आईला वाचता येत नाही. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हिरवं म्हंजे चांगलंच आसतं न्हवं गं?"

"व्हय आई," मी म्हणाले.