इमानाचा नंबर

इमानमामा रंगावर कधी विश्वास ठेवत नसत. शिवणयंत्र असो, सायकल असो की जिनिंगमधलं इंजिन, आधी नखाने थोडा रंग खरवडत, आत बघत आणि मगच बोलत. "रंग वरून देतेत," ते म्हणत, "नंबर आत ठोकतेत."

मामा मानवतला आमचे शेजारी. तिथल्याच एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, चार वर्षं फौजेची विमानं दुरुस्त केली असं ते सांगत. 'विमान' त्यांच्या जिभेवर बसत नसे. ते 'इमान' म्हणत, म्हणून गावाने त्यांना इमानमामा केलं. फौजेतून सुटल्याचा कागद वाळवीने खाल्ला होता. सरकारी पुरावा काहीच नाही. जिनिंगचे मुकादम रोज सकाळी विचारत, आज इमान कुठं उतरवलं, मामा? सगळे हसत, मामाही हसत. एकदा मात्र मला म्हणाले, "मुन्शीजी, धा वर्सं झाली. मस्करी एक दिस बरी वाटती. मला खोटाडा म्हणून मरायचं न्हाई."

मी तेव्हा परभणीच्या एका शाळेत कारकून होतो. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षी, सत्तावन्न साली, शाळेच्या छोट्या संग्रहालयाला फौजेतून बाद झालेलं एक विमान मिळालं. मालगाडीने आलं आणि पंख जोडून शेडमध्ये उभं राहिलं. नोंदवहीत त्याचा नंबर लिहिणं माझं काम. शेपटीच्या एका बाजूला एक नंबर रंगवलेला, दुसऱ्या बाजूला वेगळाच. तीन आठवडे रकाना कोरा राहिला. शेवटी मी मामांना निरोप धाडला.

ते पहिल्या एस.टी.ने आले. खिशात एक वही होती. हाताखालून गेलेल्या प्रत्येक विमानाचा नंबर त्यांनी तिच्यात उतरवला होता, तोही उर्दू आकड्यांत. निजामाच्या काळातल्या शाळेत ते तेवढंच शिकले होते. वही माझ्या टेबलावर ठेवून ते शेडमध्ये शिरले. शेपटीकडे पाहिलंही नाही. वैमानिकाच्या बैठकीखाली हात घालून, न बघता चार स्क्रू काढले, पत्रा सरकवला आणि आतल्या पट्टीवरची काजळी पुसून मला बोलावलं. ठोकलेले आकडे इंग्रजी होते. शेवटचे तीन : दोन, शून्य, चार. मी ते कागदावर उतरवून घेतले. मामा हात धुवायला गेले.

हेडमास्तर साताऱ्याकडचे. जुनं दफ्तर उर्दूत असल्यामुळे त्यांनी माझ्याकडून एक ते नऊ आकडे शिकून घेतले होते, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. माझ्या टेबलाशी येऊन, कागदावरचा नंबर बघून त्यांनी मामांची वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, सापडला, हे मामांचंच विमान. पेंटरला बोलवा, पाटीवर मामांचं नाव घालू.

मी वाकून पाहिलं. बाकी आकडे जुळत होते. पण मधला गोल आकडा शून्य नव्हता. उर्दू पाच मामांनी घाईत अगदी गोल काढला होता. मी साहेबांना नऊपर्यंतच शिकवलं होतं. उर्दू शून्य नुसता ठिपका असतो, हे त्यांना माहीत नव्हतं. वहीतला नंबर दोनशे चोपन्नवर संपत होता. मला मुकादमांचं हसू आठवलं, आणि मी गप्प बसलो.

मामा हात पुसत आले. साहेबांनी त्यांना आनंदाने सगळं सांगितलं. मामांनी वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. त्या खोलीत तो आकडा वाचू शकणारे आम्ही दोघंच.

"सायेब, हे शून्य न्हाई, पाच हाय," ते म्हणाले. "ह्या इमानाला माझा हात लागलेला न्हाई."

मग माझ्याकडे वळून हळूच, "तुमाला दिसलं असंल की, मुन्शीजी."

दिसलं, मी म्हणालो.

"मग बरूबर लिवा."

तेव्हापासून सोयीचा आकडा दिसला की मी तो दोनदा वाचतो.

साहेब आधी ओशाळले, मग आपल्या उर्दूवर पोटभर हसले. पाटीवर फक्त नंबर लागला.

पुढच्या रविवारी जिनिंगची मंडळी विमान बघायला आली, मुकादमही. मामा आधीच आत बसून शेपटीचं अडकलेलं सुकाणू मोकळं करत होते. तेलाची बुधली कुणीतरी धरायला हवी होती. मुकादमांनी धरली. मामा आतल्या आत, न बघता, एकेक तार चाचपून नेमका सांधा गाठत होते, आणि प्रत्येक वेळी बाहेर शेपटी जरा जास्त हलत होती. मुकादम अर्धा तास कधी आत मामांच्या हातांकडे, कधी बाहेर शेपटीकडे बघत राहिले.

महिन्याभराने जिनिंगमध्ये नवं इंजिन आलं. मालकांना परभणीहून मिस्त्री आणायचा होता. मुकादम म्हणाले, कशाला, आपल्याकडे विमानाचा माणूस आहे.

मामांनी हे मला मानवतच्या बाजारात, वांगी निवडता निवडता सांगितलं. मामा आज नाहीत, पण त्यांचा तेव्हाचा चेहरा मला स्वच्छ दिसतो.

"नंबर तर जुळला न्हाई, मुन्शीजी," ते म्हणाले. "आन् मुकादमानं त्यो इचारला बी न्हाई."