दहा दिवसांची पाळत
कपड्याच्या साबणाचा वास आला की अमळनेरच्या त्या कापसाच्या जिनिंग गिरणीतला नळ आठवतो. भटक्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या आमच्या गटातून मी गेले होते. एका कुत्र्याच्या गळ्यात रुतलेली तार कापताना तो चावला आणि मी त्या नळावर कितीतरी वेळ साबणाने हात धूतच राहिले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, म्हणाले, "पिसाळलेला असेल तर दहा दिवसांत मरेल, लक्ष ठेवा." मग रोज एसटीने बिस्किटं घेऊन तो जिवंत आहे ना एवढंच पाहायला जायचे. दहाव्या दिवशी एसटी चुकली म्हणून स्कूटीने गेले, तर सरकीच्या ढिगाजवळची त्याची जागा रिकामी. मी ढिगामागे शोधू लागले. वॉचमन आबा म्हणाले, "ताई, तो सकायपासून एसटीना स्टॉपवर तुमनी वाट देखी राहिना." स्टॉपवर तो खरंच माझी वाट पाहत बसला होता. आता तो माझ्या पायाशी झोपतो. मी तेव्हा कोणाच्या काळजीने येत होते, ते त्याला अजून माहीत नाही.